बावखलाच्या काठावरचा वर्ग

वसईच्या पश्चिम पट्ट्यातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकविणाऱ्या एका शिक्षिकेने मध्यंतरी आम्हांस एक उत्तरपत्रिका दाखविली. वर्गात ‘परिसंस्था’ हा पाठ नुकताच शिकवून झाला होता. बाईंनी नेहमीप्रमाणे फळ्यावर तळ्याची आकृती काढली होती. उत्पादक, भक्षक आणि विघटक यांचे बाण दाखविले होते. मुलांनी ती आकृती निमूटपणे वहीत उतरवून घेतली होती. घटक चाचणीत तळ्यातील चार सजीवांची नावे विचारली, तेव्हा जवळजवळ साऱ्या वर्गाने पुस्तकात छापलेली तीच चार नावे त्याच क्रमाने लिहिली. एका मुलाने मात्र आपल्या उत्तराखाली पेन्सिलीने एक ओळ जादा लिहिली होती. ‘बाई, आमच्या घरामागे बावखल आहे. ते पण तळेच का?’

बाईंनी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले. परंतु उत्तरपत्रिका गठ्ठ्यात ठेवता आली तरी तो प्रश्न काही बाजूला ठेवता येईना. शाळेच्या कुंपणापासून ते बावखल पाच मिनिटांच्या अंतरावर होते. इतकी वर्षे त्या त्याच वाटेने येत-जात होत्या आणि दरवर्षी फळ्यावर तळे काढीत होत्या.

वसईबाहेरच्या वाचकांसाठी, आणि खरे सांगायचे तर वसईतल्या नव्या पिढीसाठीही, बावखल म्हणजे काय ते प्रथम सांगितले पाहिजे. रेल्वेमार्ग आणि समुद्र यांच्यामधल्या आपल्या बागायती पट्ट्यात पूर्वजांनी वाडीच्या सखल भागी खोदलेली गोड्या पाण्याची छोटी-मोठी तळी म्हणजे बावखले. पावसाळ्यात चहूबाजूंचे पाणी उताराने तेथे येऊन साठते आणि वर्षभर जमिनीत झिरपत राहते. त्यांच्या काठी उंबर, जांभूळ, करंज यांची सावली असे. उन्हाळ्यात पाणी खाली गेले की तळाचा गाळ उपसून तो केळीच्या, पानवेलीच्या, फुलझाडांच्या मुळाशी घातला जाई. एकाच कामात बावखल साफ होई आणि वाडीला खतही मिळे. वाडीतल्या विहिरीवर रहाट फिरत असे आणि त्या विहिरीचे पाणी गोडे राही, त्याला बावखलाचा मोठा आधार होता.

हा आधार कसा असतो हे समजून घेण्यासारखे आहे. समुद्रकाठच्या जमिनीखाली दोन पाणी असतात. खारे पाणी जड, म्हणून ते खाली. पावसाचे गोडे पाणी हलके, म्हणून ते त्यावर तरंगत असते. एकोणिसावे शतक सरून विसावे सुरू होण्याच्या सुमारास घायबेन आणि हर्ट्सबर्ग या दोघा अभ्यासकांनी स्वतंत्रपणे याचा हिशेब मांडला. समुद्रसपाटीच्या वर जर एक फूट गोडे पाणी जमिनीत उभे असेल, तर त्याच्या भाराने सपाटीखाली सुमारे चाळीस फुटांपर्यंत गोडे पाणी टिकून राहते. हा हिशेब उलटाही लागू होतो. वरची एक फुटाची पातळी गमावली की खालून खारे पाणी चाळीस फूट वर येऊ पाहते. प्रत्यक्ष जमिनीत मातीचे थर, खडक, उपसा यांमुळे हे गणित इतके सरळ चालत नाही. तथापि त्याचा रोख चुकत नाही. आपल्या आज्या-पणज्यांना घायबेन ठाऊक नव्हता. परंतु बावखल बुजविले की विहीर ‘मचूळ’ होते, एवढे त्यांना पक्के ठाऊक होते.

आता शिक्षणाकडे वळू. आपल्या देशात पर्यावरणाचे शिक्षण शाळा-महाविद्यालयांतून सक्तीने दिले जावे असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी दिला. ज्येष्ठ वकील एम. सी. मेहता यांनी केलेल्या याचिकेवरचा तो निर्णय होता. त्याची अंमलबजावणी रेंगाळली, तेव्हा २००३ साली न्यायालयाने पुन्हा लक्ष घातले आणि अभ्यासक्रमाचा आराखडा तयार करण्याचे काम राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेकडे सोपविले. हेतू उदात्त होता. पुस्तके आली, प्रकल्पवह्या आल्या, आणि त्यांच्या पाठोपाठ वर्षाअखेरीस त्या प्रकल्पवह्या तयार करून देणारी स्टेशनरीची दुकानेही आली. ध्रुवीय अस्वलाचे आणि वितळत्या हिमनगाचे रंगीत चित्र चिकटविलेली वही आम्ही कितीतरी घरांत पाहिली आहे. त्याच घराच्या मागच्या अंगणात कोणता पक्षी घरटे बांधतो हे विचारले तर उत्तर मिळत नाही. महाराष्ट्रातील प्राथमिक शाळांत या विषयाचे नाव किती सुंदर आहे पाहा: ‘परिसर अभ्यास’. त्यातला अभ्यास उरला आणि परिसर मात्र वर्गाच्या खिडकीबाहेर राहिला, अशी एकंदर अवस्था आहे.

दोष शिक्षकांचा आहे असे म्हणणे सोपे आहे. ते न्याय्य नाही. पन्नास-पन्नास मुलांचे वर्ग, पुरा करावयाचा पाठ्यक्रम, निवडणुकीची आणि जनगणनेची कामे, पालकांची गुणांची अपेक्षा या साऱ्यांत मुलांना घेऊन तळ्याकाठी जाणे हे धाडसच ठरते. म्हणून या बाईंनी जे केले ते आम्हांस नोंदविण्यासारखे वाटते. त्यांनी मुलांना लगेच बावखलावर नेले नाही. आधी त्या स्वतः एकट्या गेल्या.

मे महिन्याच्या सुटीत पंधरा-वीस दिवस, सकाळच्या मिस्सानंतर, एक वही घेऊन त्या अर्धा तास काठावर बसत. पहिल्या दिवशी वहीत दोनच ओळी लिहिल्या गेल्या: पाणी हिरवे आहे, एक बगळा आहे. चौथ्या दिवशी तो बगळा नसून वंचक आहे हे एका वृद्ध बागायतदाराने सांगितले. बसलेला असताना मातकट दिसणारा हा पक्षी उडाला की एकदम पांढरा शुभ्र होतो. मग खंड्या दिसला, पाणकोंबडी दिसली, पाण्यातून मान वर काढून जाणारा दिवड दिसला. दिवड बिनविषारी असतो हेही त्याच आजोबांकडून कळले. ‘मी विज्ञानाची पदवीधर आहे, पण त्या महिन्यात मी आजोबांची विद्यार्थिनी होते,’ असे बाई हसत सांगतात.

शिकविण्याआधी शिकावे लागते हे वाक्य आपण भाषणांत अनेकदा ऐकतो. ते जगून दाखविणारे एक उदाहरण आपल्याच ख्रिस्तसभेत आहे. फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव हे स्पेनमध्ये १९०३ साली जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवीत. खंडाळ्याच्या डोंगरांत वर्षानुवर्षे हिंडून त्यांनी तेथल्या वनस्पतींची नोंद केली; तो ग्रंथ १९५३ साली प्रसिद्ध झाला. पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेची धुरा त्यांच्याकडे आली आणि १९६७ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली. त्यांच्या आवडीचा एक विषय होता कारवीचा फुलोरा. सह्याद्रीच्या उतारांवरची ही झुडपे सात वर्षे नुसती वाढतात आणि मग एका पावसाळ्याअखेर सारा डोंगर एकदम जांभळा करून मरून जातात. सात वर्षांत एकदा! म्हणजे पहिलीत शाळेत आलेल्या मुलाला दहावी होईपर्यंत हा फुलोरा एकदा, फार तर दोनदा पाहावयास मिळणार. पाठ्यपुस्तक दरवर्षी उघडता येते. सृष्टीचे पुस्तक मात्र आपल्या सवडीने उघडत नाही. त्या पानाची वाट पाहणारा शिक्षक लागतो.

दुसरे उदाहरण याहून जवळचे आहे, अगदी आपल्या धर्मप्रांताच्या हद्दीतले. पण आपल्यापैकी फार थोड्यांना त्याची जाणीव असते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे ते डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर नेले. वारली पाड्यांवरची मुले शाळेत येत नव्हती, कारण त्यांना गुरे चारावयास जावे लागे. हजेरीपटावर लाल फुली मारून मोकळे होणे शक्य होते. या दोघींनी शाळाच कुरणावर नेली. गुरे चरत आहेत, मुले झाडाखाली बसली आहेत आणि बिया, पाने, दगड, माती हेच शिकण्याचे साहित्य आहे, अशी ती ‘कुरणशाळा’ होती. साहित्य विकत घ्यावयास पैसे नव्हते हे त्यामागचे एक कारण होतेच. परंतु त्यांच्या ध्यानात आले की मुलाच्या हाताला ओळखीची असलेली वस्तूच त्याच्या मनाचे दार उघडते. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले, अनुताईंना १९८५ साली पद्मश्री. आज सर्वत्र रूढ झालेल्या अंगणवाडीचा उगम त्यांच्या या कामात शोधला जातो. पर्यावरण हा शब्द शाळांत येण्याच्या कितीतरी आधी त्यांनी निसर्गाला शिक्षकाच्या खुर्चीवर बसविले होते.

जून महिन्यात शाळा सुरू झाली आणि पहिला मोठा पाऊस पडला. दुसऱ्या दिवशी बाईंनी वर्गाचे पाच गट पाडून दोन सहकारी शिक्षक आणि तीन पालक बरोबर घेऊन मुलांना बावखलावर नेले. काठापासून सहा फुटांवर सुंभाची दोरी बांधली होती. तिच्या पुढे कोणी जायचे नाही हा पहिला नियम. पाण्याकाठी मुले नेणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने ही दोरी आधी बांधावी आणि मग बाकीचे बोलावे, असे आम्हांस सुचवावेसे वाटते. आणखी एक नियम होता: पहिली दहा मिनिटे कोणी बोलायचे नाही. शहाण्णव कान आणि शहाण्णव डोळे उघडे. (अठ्ठेचाळीस मुले हजर होती.)

त्या दहा मिनिटांत बेडकांनी सारा तास घेतला. मोठे बेडूक एरवी मळकट हिरव्या रंगाचे असतात. पहिल्या पावसात त्यांतले नर पिवळेधमक होतात आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या निळ्या पिशव्या फुगवून साद घालतात. हे पुस्तकात वाचलेले नव्हते. एका मुलीने ‘बाई, हे हळद लावलेले नवरदेव आहेत’ असे म्हटल्यावर शांततेचा नियम अर्थातच मोडला.

तेथून पुढे वर्षभर दर पंधरा दिवसांनी एकेक गट बावखलावर जाऊ लागला. एकाच जागी, एकाच दोरीशी. फिरत्या सहलींपेक्षा एकाच ठिकाणी पुनःपुन्हा जाण्यात अधिक शिक्षण आहे, हा या साऱ्या प्रयोगाचा गाभा आहे असे आमचे मत झाले. कारण बदल हा एका भेटीत दिसत नाही. जुलैत बेडकांची शेपटीवाली पिल्ले दिसली, पुढच्या फेरीत त्यांना मागचे पाय फुटले, त्यानंतर पुढचे. ऑगस्टमध्ये कमळाच्या देठांवर चतुरांच्या रिकाम्या कातीं सापडल्या. चतुराचे बालपण पाण्यात जाते आणि तेथे ते डासांच्या अळ्या मटकावीत असते, हे त्या कातींवरून मुलांना समजले. बावखल बुजवावे, कारण त्यात डास होतात, असे घरोघरी बोलले जाते. ज्यात मासे, बेडूक, चतुरांची पिल्ले जिवंत आहेत त्या पाण्यात डासांच्या अळ्यांना फारशी मुभा मिळत नाही. ज्यात प्लास्टिक, निर्माल्य आणि सांडपाणी सोडून आपण ते जीव मारले, तेथे डासांचे राज्य होते. हे कोणी घोकून घेतले नाही. मुलांनी दोन बाटल्यांत दोन ठिकाणचे पाणी भरून पाहिले.

पावसाळा सरताना वसईच्या वाड्यांवर पिवळसर चतुरांचे थवे घिरट्या घालतात. त्यांच्यापैकी एक जात भारतातून मालदीवमार्गे समुद्र ओलांडून आफ्रिकेपर्यंत जात असावी, असे मालदीवमध्ये राहणारे जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी २००९ साली मांडले. बाईंनी हे सांगितले तेव्हा ज्यांचे वडील आखातात नोकरीला आहेत अशी दोन मुले आपापसांत काही तरी बोलली. काय बोलली ते बाईंनी विचारले नाही. बरे केले.

मार्चमध्ये उंबर लगडला. आपल्या भाषेत क्वचित भेटणाऱ्या माणसाला आपण ‘उंबराचे फूल’ म्हणतो, कारण ते कोणाला दिसत नाही. बाईंनी एक कोवळे उंबर आडवे चिरून भिंगाखाली धरले. शेकडो फुले आतच होती! ज्याला आपण फळ म्हणतो तो खरे तर आत वळलेला फुलांचा गुच्छ आहे, आणि तिळाहून लहान असे कीटक तळाच्या बारीक छिद्रातून आत शिरून त्या फुलांचे परागीभवन करतात. तो कीटक नसेल तर उंबराला बी नाही, आणि उंबराचे झाड नसेल तर त्या कीटकाला घर नाही. ‘परस्परावलंबन’ हा जोडाक्षरांनी भरलेला शब्द त्या दिवशी प्रथम मुलांच्या तोंडी सहज बसला.

येथे आम्हांला शुभवर्तमानातला जक्कय आठवतो. आपल्या मराठी बायबलमध्ये तो प्रभूला पाहण्यासाठी उंबराच्या झाडावर चढला असे आहे. पॅलेस्टाईनमधले ते झाड नेमके आपले उंबर नव्हे. परंतु त्याच कुळातले, त्याचे भावकीतलेच म्हणावे असे. धर्मशिक्षणाच्या वर्गात ही गोष्ट सांगताना त्या झाडाची एक फांदी जरी समोर ठेवली तरी केवढा फरक पडेल! प्रभू येशूची शिकविण्याची रीत याहून निराळी नव्हती. पेरणारा, मोहरीचा दाणा, रानातली फुले, आभाळातली पाखरे, अंजिराला फुटणारी पालवी, सायंकाळच्या तांबड्या आभाळावरून उद्याच्या हवेचा अंदाज बांधणारे कोळी आणि शेतकरी, हे सारे त्याच्या श्रोत्यांच्या डोळ्यांसमोर होते. दूरदेशीची उदाहरणे त्याने क्वचितच दिली. जे रोज दिसते परंतु पाहिले जात नाही, त्याकडे त्याने बोट दाखविले. आम्हां धर्मगुरूंची प्रवचने याबाबतीत पुष्कळदा वर्गातल्या फळ्यावरच्या तळ्यासारखी असतात, हे कबूल करावयास हरकत नसावी.

पोप फ्रान्सिस यांनी २४ मे २०१५ रोजी दिलेले ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक सृष्टीच्या जतनासंबंधी आहे हे आपल्या वाचकांना ठाऊक आहे. त्याचे शेवटचे, सहावे प्रकरण शिक्षणाविषयी आणि अध्यात्माविषयी आहे, आणि शाळा, कुटुंब, धर्मशिक्षण या साऱ्यांना त्यांनी तेथे एकत्र गुंफले आहे. तरी आम्हांला अधिक जवळचा वाटतो तो त्याआधीचा, चौऱ्याऐंशीवा परिच्छेद. माणसाचे परमेश्वराशी असलेले नाते काही विशिष्ट ठिकाणांशी जडलेले असते, असा त्याचा आशय आहे. डोंगरात वाढलेला, झऱ्याकाठी बसून पाणी प्यालेला, मोकळ्या जागी खेळलेला माणूस त्या ठिकाणी परत गेला की त्याला स्वतःचेच काही हरवलेले सापडते. बावखलात पोहायला शिकलेली आपली पिढी हे लगेच समजू शकते. प्रश्न पुढच्या पिढीचा आहे. जे ठिकाण त्यांनी कधी पाहिलेच नाही तेथे ती परत कशी जाणार?

आणि येथेच हा विषय अवघड होतो.

ज्या मुलाने उत्तरपत्रिकेवर प्रश्न लिहिला होता, त्याच्या घरामागचे बावखल हेच ते बावखल. ते त्याच्या आजोबांचे आणि त्यांच्या दोन भावांचे सामाईक आहे. वसईत अशी कितीतरी बावखले खासगी वा भावकीच्या मालकीची आहेत. जमिनीचे भाव आपण सारे जाणतो. घरात दोन मुलींची लग्ने आहेत, एका मुलाचे उच्च शिक्षण आहे, आणि बावखल भरून मिळणाऱ्या जागेसाठी विचारणाही झालेली आहे. वर्गात मुलगा शिकतो की बावखल हे विहिरींचे जीवन आहे, आणि जेवणाच्या ताटावर ऐकतो की ते विकावयाचे आहे. अशा वेळी शिक्षिकेने काय करावे?

वर्गातल्या बाकावरून वडिलांना दोषी ठरविणे हे शिक्षण नव्हे. बाईंनी ते कटाक्षाने टाळले. त्यांनी मुलांना मोजावयास शिकविले. प्रत्येकाने आपल्या घरच्या विहिरीचे किंवा बोअरवेलचे पाणी बाटलीत भरून आणले. प्रयोगशाळेत त्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकले की पाण्यात जितके मिठाचे अंश अधिक, तितका पांढरा साका दाट येतो. मुलांनी गावाचा नकाशा काढून त्यावर कोठे साका दाट, कोठे विरळ याच्या खुणा केल्या. एका काचेच्या ग्लासात रंगीत खारे पाणी घेऊन त्यावर चमच्याच्या पाठीवरून अलगद साधे पाणी सोडले आणि दोन थर वेगळे राहतात हे पाहिले. नळीने वरचे पाणी ओढून घेतले तेव्हा काय झाले तेही पाहिले. बाईंनी त्यांना एक गोष्ट बजावली: एका दिवसाच्या तपासणीवरून कोणत्याही विहिरीविषयी निकाल द्यायचा नाही. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, निदान तीन वर्षे मोजले पाहिजे. हा संयमही पर्यावरण शिक्षणाचाच भाग आहे. आपल्याकडे घोषणा पुष्कळ आणि नोंदी थोड्या असतात.

तो नकाशा पालकसभेत भिंतीवर लावला होता. कोणी भाषण केले नाही. आजोबा चष्मा लावून बराच वेळ नकाशासमोर उभे होते, एवढेच बाईंनी सांगितले.

या संदर्भात एक गोष्ट सांगितल्यावाचून हा लेख पुरा करणे आमच्या मनाला पटत नाही. पंचवीसएक वर्षांपूर्वी, तरुण धर्मगुरू म्हणून आम्ही एका धर्मग्रामात असताना, सणाच्या दिवशी वाहने उभी करावयास जागा पुरत नाही म्हणून चर्चलगतच्या एका जुन्या तळ्यात भराव घालण्यास आम्ही संमती दिली होती. पाच-सहा ट्रक माती पडली. कोणी विरोध केला नाही. उलट लोकांनी आभार मानले. ज्या काळात हरित वसई संरक्षण समितीच्या झेंड्याखाली आपले लोक विहिरींतले पाणी उपसून नेणाऱ्या टँकरांविरुद्ध उभे राहिले होते आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारखे धर्मगुरू त्यात अग्रभागी होते, त्या काळाची आठवण ताजी असतानाची ही गोष्ट आहे. आंदोलन आम्हांला समजले होते, तळे समजले नव्हते. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार दिवसेंदिवस पाण्याखाली राहिले, लोकलगाड्या बंद पडल्या, तेव्हा एका रात्री ते पाच-सहा ट्रक आम्हांला आठवले. एवढ्याशा तळ्याने पूर थांबला असता असे मुळीच नाही. पण आठवले खरे.

ज्या शिक्षकांना असा वर्ग सुरू करावासा वाटत असेल त्यांच्यासाठी बाईंकडून मिळालेल्या चार व्यवहारी गोष्टी येथे देतो. जागा शाळेपासून चालत दहा मिनिटांच्या आत असावी, म्हणजे दोन जोड तासिकांत काम होते आणि बसचा खर्च येत नाही. जागेच्या मालकाची परवानगी आधी, आणि शक्य तर त्यांनाच पहिल्या दिवशी बोलावयास सांगावे. झाडा-पक्ष्यांची स्थानिक नावे आधी लिहून घ्यावीत, पुस्तकी नावे मागाहून. सामवेदी वा वाडवळी बोलीतला शब्द वहीत आला तर तो खोडू नये. मूल्यमापनासाठी वेगळी प्रकल्पवही करू नये, त्याच निरीक्षणवहीला गुण द्यावेत. बावखल जवळ नसेल तर ओढा, खाजण, मिठागराचा बांध, देवळाजवळचा पिंपळ किंवा चर्चच्या आवारातले एखादे चिंचेचे झाडही चालेल. मुंबईतल्या एखाद्या शाळेला गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीखालची ओल आणि तिथले शेवाळही वर्षभर पुरेल. धर्मशिक्षणाच्या वर्गांसाठी १ सप्टेंबर हा सृष्टीच्या जतनासाठी प्रार्थनेचा दिवस आणि ४ ऑक्टोबर हा असिसीच्या संत फ्रान्सिसचा सण, यांमधला काळ आपल्याकडे फार सोयीचा आहे. त्या दिवसांत बावखले काठोकाठ भरलेली असतात.

बाईंच्या वर्गाची निरीक्षणवही आम्ही चाळली. तिच्यात पुष्कळ चुका आहेत. पाणकोंबडीला एकाने बदक म्हटले आहे, तारखा मागेपुढे झाल्या आहेत, एका पानावर चिखलाचा अंगठा उमटला आहे. त्या बावखलाचे काय करावयाचे हे कुटुंबात अद्याप ठरलेले नाही. दोन भावांचे एक मत आहे, तिसऱ्याचे निराळे. आजोबा काही बोलत नाहीत. यंदा पहिला मोठा पाऊस झाला त्या रात्रीची नोंद मात्र वहीत आहे आणि ती शाळेच्या वेळेत केलेली नाही. पेन्सिलीने लिहिले आहे: ‘रात्री साडेनऊ. बेडूक सुरू झाले. आजोबांना खिडकीजवळ बोलावले. मोजता आले नाहीत.’